व्होल्टची साक्ष

स्वस्तातला अंकदर्शक व्होल्टमापक विजेरीला लावला, की आकडे झटकन उमटतात. ते खरे कशावरून? दुसऱ्या मापकाशी ताडावे, तर त्याची ग्वाही कोणी द्यावी? हा पेच जुनाच आहे.

१८७२ साली लॅटिमर क्लार्क या इंग्रज अभियंत्याने पारा व जस्त यांचा प्रमाणघट रचला. पण उष्णतामान चढले, की त्याचा विद्युद्दाब उतरे. १८९३ साली एडवर्ड वेस्टनने जस्ताऐवजी कॅडमियम योजले आणि हा दोष पुष्कळ कमी झाला. २० अंश सेल्सियसला या घटाचा दाब १.०१८३ व्होल्ट, असे १९११ पासून आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले. मात्र त्यातून प्रवाह घ्यावयाचा नाही, त्याला हिसका द्यावयाचा नाही. सोवळ्यातल्या देवासारखे त्याला जपावे लागे! इतके करूनही तो वर्षानुवर्षे सूक्ष्म अंशाने ढळे, आणि ढळला हे सांगावयास जवळ असत ते त्याचेच भाऊबंद. म्हणून देशोदेशीचे घट पॅरिसजवळ सेव्र येथे नेऊन परस्परांशी ताडीत.

१९६२ साली केंब्रिजच्या ब्रायन जोसेफसनने, वय अवघे २२, अतिसंवाहकांच्या सांध्याविषयी भाकीत केले. त्यामुळे विद्युद्दाब कंपनसंख्येवरून ठरविता येऊ लागला. १ जानेवारी १९९० रोजी ही रीत जगभर लागू झाली, तेव्हा अमेरिकेला आपला व्होल्ट दशलक्षात सुमारे ९ भागांनी वाढवून घ्यावा लागला.