जुने शीतकपाट आणि नवे शीतकपाट : एका तुलनेची चिकित्सा

जुनी घरगुती शीतकपाटे पर्यावरणास घातक आणि नवी निरुपद्रवी, अशी एक समजूत रूढ आहे. उलट, जुनी यंत्रे तीस-चाळीस वर्षे टिकत, म्हणून तीच खरी काटकसरीची, असे अभिमानाने सांगणारेही पुष्कळ आढळतात. दोन्ही पक्ष ‘जुने’ हा शब्द एकाच अर्थाचा मानून चालतात, हा त्यांतील मूळ दोष होय. शीतकपाटाच्या शंभर वर्षांच्या इतिहासात जुनेपणाचे प्रकार अनेक आहेत आणि प्रत्येकाचा अपाय निराळ्या ठिकाणी पडला आहे, हे दाखविण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

पहिल्या पिढीचा अपाय स्वयंपाकघराच्या चार भिंतींतच होता. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९२७ मध्ये अमेरिकेत विक्रीस आणलेल्या ‘मॉनिटर टॉप’ या कपाटात सल्फर डायॉक्साइड वायू असे. इतर कपाटांत अमोनिया किंवा मिथिल क्लोराइड वापरीत. नळीस चीर गेली की घरातील माणसांच्या जिवावर बेते. बर्लिनमधील एक कुटुंब अशाच वायूने मृत्युमुखी पडल्याची वार्ता वाचून आइन्स्टाइन आणि लिओ सिलार्ड हे हलते भाग नसलेल्या शीतयंत्राच्या रचनेकडे वळले, असे सांगतात. या दोघांस १९३० मध्ये अमेरिकेचे पेटंटही मिळाले.

तथापि बाजार जिंकला तो फ्रिऑनने. टॉमस मिजली आणि त्याचे सहकारी यांनी १९२८ मध्ये या कामी क्लोरोफ्लुओरोकार्बन वर्गातील द्रव्ये निवडली. १९३० मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत मिजलीने तो वायू छातीत भरून घेतला आणि हळूच सोडून मेणबत्ती विझविली. वायू विषारी नाही आणि पेटतही नाही, या दोन्ही गोष्टी एका श्वासात सिद्ध झाल्या. या प्रसंगाकडे आज उपहासाने पाहण्याची प्रथा पडली आहे. ती मला अन्यायाची वाटते. त्या काळच्या ज्ञानाच्या कक्षेत हा माणूस लोकांचे प्राणच वाचवीत होता. ज्या स्थैर्यामुळे हे द्रव्य घरात निर्धोक ठरले, त्याच स्थैर्यामुळे ते न विघटता वातावरणाच्या वरच्या थरात पोहोचले, हे कळण्यास १९७४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी मोलिना आणि रोलंड यांनी या द्रव्यांतून सुटणारा क्लोरीन ओझोनचा नाश करतो, असे प्रतिपादन केले. १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँक्लिन यांनी अंटार्क्टिकावरील ओझोनची घट प्रसिद्ध केली आणि १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ साली सामील झाला.

विजेचा हिशेब मात्र या कालक्रमाशी जुळत नाही, आणि येथेच रूढ तुलना कोसळते. १९४७ च्या सुमारास अमेरिकेतील नवे शीतकपाट वर्षाकाठी सरासरी साडेतीनशे युनिटांच्या आसपास वीज घेई. कपाट लहान असे आणि त्यातील बर्फ हाताने काढावा लागे. पुढे आकार वाढला, बर्फ आपोआप वितळविण्याची सोय आली, आणि १९७४ च्या सुमारास हाच आकडा अठराशेच्या घरात गेला. कॅलिफोर्नियाने आणि मागाहून संघशासनाने कार्यक्षमतेची मानके लावल्यावर २००१ पर्यंत तो पाचशेच्या आसपास उतरला. म्हणजे सर्वांत जुने यंत्र सर्वांत खर्चिक नव्हते. खर्चिक होते ते मधल्या पिढीचे. भिंतींचेही तसेच. आरंभीच्या कपाटांत काचलोकर किंवा तत्सम तंतू भरीत. पॉलियुरेथेनचा फेस नंतर आला, आणि तो फुगविण्यास क्लोरोफ्लुओरोकार्बनच वापरले गेले. मधल्या पिढीच्या कपाटात पुष्कळदा नळ्यांपेक्षा भिंतींतच ते अधिक दडलेले असते.

‘नवे’ हा शब्दही तितकाच फसवा आहे. फ्रिऑनच्या जागी आलेल्या एचएफसी-१३४ए ने ओझोनला धक्का लागत नाही. पण हवा तापविण्यात ते शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायॉक्साइडच्या तेराशे पटींहून अधिक प्रभावी आहे. त्यास पर्याय निघाला तो पूर्वीच्या पूर्व जर्मनीतील शार्फेनश्टाइन येथील, बंद पडण्याच्या वाटेवर असलेल्या कारखान्यात. ग्रीनपीस संस्थेच्या साहाय्याने तेथे १९९३ मध्ये प्रोपेन व आयसोब्युटेन यांच्या मिश्रणावर चालणारी कपाटे निघू लागली. प्रस्थापित उत्पादकांनी प्रथम स्फोटाची भीती घातली आणि लवकरच स्वतः तोच मार्ग धरला. आज भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक लहान शीतकपाटांत आयसोब्युटेनच असते.

आपल्याकडे गोदरेजने १९५८ मध्ये शीतकपाटे बनविण्यास आरंभ केला. आपल्या घरांत हे यंत्र सहसा टाकून दिले जात नाही. ते गावी जाते, नातलगाकडे जाते, शेवटी एखाद्या टपरीत शीतपेये थंड करते. मधूनमधून ‘गॅस भरून’ घेतला जातो, आणि त्या वेळी उरलासुरला जुना वायू बहुधा हवेत सोडला जाई. अखेर भंगारवाला तांब्यासाठी नळी कापतो. फ्रिऑन-१२ चा तापनप्रभाव कार्बन डायॉक्साइडच्या सुमारे दहा हजार पट आहे. म्हणजे शंभर ग्रॅम वायू निसटला तर एक टन कार्बन डायॉक्साइड सोडल्यासारखे झाले. आपल्या वीजनिर्मितीत युनिटामागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायॉक्साइड निघतो असे धरले, तर वर्षाला दोनशे युनिटे घेणारे नवे लहान कपाट सात वर्षे चालविल्याने होणारा अपाय त्या एका घावाने होतो. भिंतींतील फेस यात धरलेला नाही.

२०११ च्या नियमांनी शीतकपाट ई-कचऱ्यात गणले. परंतु यंत्राचे हे उत्तरायुष्य कारखान्यांच्या दप्तरांत सापडणारे नव्हे. ते दुरुस्ती करणाऱ्यांच्या आणि भंगार बाजारातील माणसांच्या स्मरणात आहे. फ्रिऑनच्या काळात ज्यांनी काम केले असे कारागीर आपल्या शहरांत अद्याप भेटतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांस त्यांच्या मुलाखतींपासून आरंभ करता येईल.