गिरणीतल्या मुली : लॉवेल, मुंबई, दिमोना



अमेरिकेतल्या शाळांत 'लिडी' नावाची कादंबरी पुष्कळदा वाचायला देतात. इथे सनीव्हेलमध्येही ती मुलांच्या दप्तरात दिसते. कॅथरीन पॅटरसन यांची ही कादंबरी १९९१ साली प्रसिद्ध झाली. व्हर्माँटच्या शेतावरची एक गरीब मुलगी घरचे कर्ज फेडण्यासाठी लॉवेल गावच्या कापड गिरणीत जाते. काळ १८४०च्या दशकातला. दिवसाला बारा-तेरा तास काम, हवेत कापसाची धूळ, आणि मुक्काम कंपनीच्या वसतिगृहात. कामाचे तास दहा करावेत म्हणून बायका अर्जावर सह्या गोळा करतात. लिडी मात्र कचरते. सही केली आणि नोकरी गेली, तर कर्ज कोण फेडणार?

लिडी कल्पित आहे, गिरणी खरी. लॉवेलच्या मुलींनी १८३४ आणि १८३६ साली संप केले. सारा बॅगली यांनी १८४५ साली कायदेमंडळाच्या समितीपुढे साक्ष दिली. तास तेव्हा कमी झाले नाहीत. दहा तासांचा कायदा त्या राज्यात १८७४ साली झाला. पण त्या मुलींना लिहितावाचता येत होते. 'लॉवेल ऑफरिंग' या मासिकात त्यांनी स्वतः लिहिले. म्हणून दीडशे वर्षांनी लेखिकेला त्यांचे जगणे सापडले.

मुंबईची पहिली कापड गिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली. पुढे बगदादी ससून घराण्याच्याही गिरण्या उभ्या राहिल्या. बायका मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या खात्यांत असत; त्यांच्यावर देखरेखीला नायकीण. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने एप्रिल १८९०मध्ये भरलेल्या कामगार सभेत दोन स्त्रियाही बोलल्या. त्यांचा उल्लेख सहसा 'दोन स्त्रिया' एवढाच येतो. त्याच वर्षी जूनमध्ये रविवारची सुटी मिळाली.

ही मोठीच गोष्ट होती. पण आपण कोकणात 'शनिवार तेली' म्हणून ओळखले गेलो, ते शनिवारी घाणा बंद ठेवल्यामुळे. ज्या गिरणीत सुटी रविवारीच, तिथे शब्बाथ पाळायचा म्हणजे एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडणे आले. लिडीपुढे सहीचा कागद होता, आपल्या माणसापुढे शनिवार. उषाताई डांगे आणि पार्वतीबाई भोर यांनी आत्मकथने सांगितली, म्हणून लाल बावट्याखालच्या बायकांचे जग थोडे तरी हाती लागते. आपल्या घरातल्या शनिवारची गोष्ट मात्र माझ्या वाचनात कुठे आली नाही.

इस्राएलला गेल्यावर धोटा पुन्हा भेटलाच. १९५५ साली नेगेवच्या वाळवंटात दिमोना वसले, आणि तिथे किटानची कापड गिरणी उभी राहिली. मोरोक्कोहून आलेल्या शेजारणींबरोबर आपल्याही बायकांनी तिथे पाळ्या केल्या. शनिवारी आता सुटी होती; पण भाषा नवी, ऊन नवे, आणि यंत्राचा आवाज तोच.

उद्या एखादी नात यावर कादंबरी लिहायला बसली, तर तारखा तिला दप्तरखान्यात मिळतील. डब्यात काय असे, पहिल्या पगाराचे काय केले, शुक्रवारी दिवेलागणीच्या आत घरी पोहोचण्यासाठी पाळी कोणाशी बदलली, हे तिला कोण सांगणार? ते तुम्हालाच ठाऊक आहे. हात थरथरत असेल तर नातवंडांना सांगून लिहवून घ्या. मराठीत सांगा, हिब्रूत सांगा, पण या वर्षीच सांगा.