बीजेची कोर आणि ईदचा चाँद

मराठीत सुंदर, नाजूक गोष्टीला बीजेची कोर म्हणतात. आमच्या घरांत हिलाल म्हणतात तो हाच चंद्र. पण प्रतिपदेचा सोडून बीजेचाच का? या साध्या प्रश्नामागे बराच मोठा इतिहास आहे.

चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकायला लागणारा वेळ म्हणजे एक तिथी. आता 'सूर्यसिद्धान्ता'तला नियम बघा. चंद्र दिसायला त्याचं सूर्यापासूनचं अंतर १२ कालांश हवं. कालांश म्हणजे वेळेत मोजलेला अंश, एकाची ४ मिनिटं. बाराची झाली ४८ मिनिटं, म्हणजेच दोन घटका. सूर्य बुडाल्यावर चंद्र निदान दोन घटका तरी आकाशात राहणार असेल, तरच तो डोळ्यांना सापडेल. हे अंतर पडेपर्यंत प्रतिपदा साधारण संपत आलेली असते, म्हणून दिसते ती बीजेची कोर.

आठव्या शतकात भारतीय ज्योतिषाचे ग्रंथ बगदादला खलिफा मन्सूरच्या दरबारी पोचले, आणि हा नियमही त्यांच्याबरोबर गेला. नवव्या शतकात अल-ख्वारिज्मीने चंद्रदर्शनाचं कोष्टक तयार केलं, ते याच १२ अंशांच्या आधारावर. पुढच्या मुस्लिम खगोलज्ञांनी त्यात पुष्कळ भर घातली, पण सुरुवात इथली होती. दरवर्षी ईदच्या सुमाराला 'हिसाब की रुयत' असा वाद रंगतो. त्या वादात दोन्ही बाजूंना हे ठाऊक असावं, असं मला फार वाटतं.

या गोष्टीतला तिसरा माणूस आपल्या कोकणातला, आणि पेशाने शिक्षक. शंकर बाळकृष्ण दीक्षित, जन्म १८५३, गाव दापोलीजवळचं मुरूड. धुळ्याला आणि पुढे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी शिकवलं. आम्ही बी.एड. झालेली मंडळी ज्या परंपरेतली, तीच ही. १८९६ साली त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा मराठी ग्रंथ आला. त्याच वर्षी रॉबर्ट सेवेल यांच्याबरोबर लिहिलेलं 'द इंडियन कॅलेंडर' लंडनला छापून निघालं. त्यात हिंदू तारखांच्या जोडीला हिजरी तारखा इसवी सनात बदलण्याची कोष्टकंही आहेत. १८९८ मध्ये, पंचेचाळिशीही गाठण्याआधी, दीक्षित गेले.

त्यांचं मला सर्वांत आवडतं काम वेगळंच आहे. गुप्तकाळातल्या काही ताम्रपटांवर वर्षांची नावं 'महावैशाख', 'महाआश्वयुज' अशी आहेत. दीक्षितांनी दाखवलं की गुरू सूर्याच्या तेजात लोपून पुन्हा पहाटे ज्या नक्षत्रात उगवतो, त्यावरून ही नावं पडत. फ्लीट यांनी १८८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गुप्त शिलालेखांच्या खंडात दीक्षितांचं हे टिपण आहे. आकाशाकडे बघून केलेली नोंद तांब्यावर टिकली, आणि चौदाशे वर्षांनी एका मास्तरांना ती वाचता आली.

आपण मात्र नोंदच ठेवत नाही. चाँद दिसला तर गवाही होते, फोन जातात. दिसला नाही तर सगळे गच्चीवरून खाली उतरतात आणि ती संध्याकाळ कायमची पुसली जाते. 'आकाश स्वच्छ होतं, तरी दिसला नाही' ही नोंद दिसल्याच्या नोंदीइतकीच मोलाची. 'ढग होते, पाहता आलं नाही' ही आणखी वेगळी. ढग असतील तर महिना तीसचा धरा, असं शरीयतनेच सांगितलं आहे, म्हणजे हा फरक आपल्याला नवा नाही.

यासाठी कॉम्प्युटर लागत नाही, मोबाइल तर खिशातच बरा. त्याच्या उजेडाने डोळे दिपतात आणि अंधाराला सरावायला पुन्हा वीस-तीस मिनिटं जातात. दुपारीच पंचांगात अमावस्या किती वाजता संपते ते बघा. तिथून सूर्यास्तापर्यंतचे तास मोजा आणि निम्मे करा. ढोबळ अंश हाती येतात. सकाळी दहाला अमावस्या संपली असेल तर संध्याकाळी चारच अंश, म्हणजे चाँद दिसणं शक्य नाही. आदल्या संध्याकाळी सहाला संपली असेल तर बारा, मग नक्की जा. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंशांची. सूर्य बुडताना क्षितिजापासून मुठीहून थोडं वर शोधा. पनवेलला पूर्वेकडे प्रबळगड-माथेरानची रांग असली तरी पश्चिम डोंगरांनी अडलेली नाही. अडवतात त्या इमारती आणि दमट हवेचा पांढुरका थर, म्हणून कागदावरचे बारा अंश इथे कधीकधी अपुरे पडतात.

शंभरपानी वही पुरते. हिजरी आणि इसवी तारीख, जागा, सूर्यास्त, अमावस्येची वेळ, हवा कशी होती, किती वाजता दिसला किंवा कधीपर्यंत पाहिलं, सोबत कोण होतं. कोरीची टोकं कुठे वळलेली होती त्याचं छोटं चित्र काढा. पेन्सिल वापरा, दवाने शाई पसरते. गणिताचा अंदाज डाव्या पानावर लिहा आणि डोळ्यांनी पाहिलेलं उजव्या. दोन्ही जुळले नाहीत तरी खाडाखोड करू नका. आणि फक्त रमजान-शव्वालची वही ठेवू नका, सफरचा चाँदही लिहा. आषाढ-श्रावणात ओळीने तीन महिने 'ढग' एवढंच लिहावं लागलं तरी चालेल.