जुन्या कबरींचे दगड जपायचे कसे? आधी ॲसिडची बाटली बाजूला ठेवा!

२ नोव्हेंबरच्या ‘ऑल सोल्स डे’आधी गोव्यात आणि बेळगाव भागातही ख्रिस्ती दफनभूमींची साफसफाई सुरू होते. हेतू चांगलाच असतो; पण दगड नवाकोरा दिसावा म्हणून जे केले जाते, त्यातच जुनी अक्षरे जातात. कित्येक घराण्यांत आजोबा-पणजोबांची तारीख आणि गाव याची नोंद तेवढ्या दगडावरच उरलेली असते.

पहिली गोष्ट, दगड ओळखा. पांढरा संगमरवर आणि शहाबादी, दोन्ही मुळात चुन्याचे. फरशी धुण्याचे ॲसिड ओतल्यावर जो फेस येतो तो मळ नव्हे, दगडच विरघळत असतो. लिंबू, व्हिनेगर, चिंच यांचेही तेच, फक्त सावकाश. काळ्या दगडाला फेस येत नाही, पण त्याच्या सांध्यातला चुना ॲसिडने सुटतो. जांभा सच्छिद्र असल्याने ओतलेले सगळे पिऊन बसतो.

बोटाच्या पेराने हलकेच वाजवून बघा. पोकळ आवाज आला किंवा पापुद्रे सुटत असतील, तर त्या दगडाला हात लावू नका, जाणकाराला दाखवा. दगड भक्कम असेल तर साधे पाणी आणि मऊ, नैसर्गिक केसांचा ब्रश पुरतो. आधी कोपऱ्यात थोडे घासून बघा. मग सगळा दगड भिजवून खालून वर घासत जा, म्हणजे मळकट पाण्याचे ओघळ कोरड्या भागावर उमटत नाहीत. दगडफूल (मसाल्यातले असते त्याच कुळातले) चांगले भिजू द्या आणि लाकडी पट्टीने अलगद काढा. तारेचा ब्रश नकोच. त्याचे लोखंडी कण दगडात अडकून पुढे गंजतात. ब्लीच आणि प्रेशर पंपही नको.

अक्षरे वाचता येत नाहीत म्हणून खडू किंवा पीठ चोळू नका. संध्याकाळी टॉर्च बाजूने, अगदी आडवा धरा; खाचांत सावली पडते आणि नाव दिसते. तेव्हाच फोटो काढून ठेवा. साफसफाईच्या आधी आणि नंतरही काढा.

सगळ्यांत जास्त नुकसान मात्र सिमेंटने होते. ते जुन्या दगडापेक्षा कडक असते, आतली ओल बाहेर पडू देत नाही, मग सांधा तसाच राहतो आणि दगडाच्या कडा फुटतात. सांधे चुन्यानेच भरावेत. ऑइल पेंट आणि वॉर्निशही ओल कोंडतात, त्यामुळे ‘चमक’ देण्याचा मोह टाळलेला बरा.

पडलेला दगड पहारीने उचलू नका. एक घनफूट संगमरवर सुमारे ७५ किलो भरतो. दगडही तुटेल आणि पायही.

हीच काळजी कबरस्तानातल्या कबरींना आणि लिंगायत समाजाच्या दगडी समाध्यांनाही लागू आहे. काम काढण्याआधी घरचे लोक आणि दफनभूमी सांभाळणारी चर्च वा जमात यांची परवानगी घ्या. जागा केंद्रीय संरक्षित स्मारक असेल, तर १९५८च्या कायद्यानुसार पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय साधा ब्रशही फिरवू नये.