इमारत ठेवली, माणसे काढली : ल्युब्ल्यानाच्या रोग कारखान्याची गोष्ट

आपल्या कलापथकांना तालमीला जागा मिळत नाही, ही जुनी तक्रार आहे. विहार, समाजमंदिर, नाहीतर कोणाची तरी गच्ची. मग कोणीतरी युरोपातले उदाहरण देतो : तिकडे बंद कारखान्यांत कलाकारांनी केंद्रे उभारली, आपल्याकडे का नाही? त्यातले एक उदाहरण मुळापासून पाहू. त्यात कलेपेक्षा नागरिकत्वाचा प्रश्न मोठा निघतो.

स्लोव्हेनियाच्या राजधानीत, ल्युब्ल्यानात, नदीकाठी 'रोग' नावाचा सायकल कारखाना होता. नावाला हसू नका, त्यांच्या भाषेत रोग म्हणजे शिंग. सायकलींच्या आधी तिथे कातडी कमावली जायची. पोलाक नावाचे कारखानदार घराणे याच धंद्यावर मोठे झाले आणि १९२२ च्या सुमारास त्यांनी तिथे काँक्रीटची लांबलचक इमारत बांधली. कातडीचा वास युरोपातही कोणाला आवडत नव्हता, पण ते काम करणाऱ्याच्या पोरालाही पिढ्यानपिढ्या तेच करावे लागेल असा धर्माचा हुकूम तिथे नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर युगोस्लाव्हियाच्या समाजवादी सरकारने कारखाना ताब्यात घेतला. पुढे तिथे सायकली बनू लागल्या. छोट्या चाकांची 'पोनी' सायकल त्या देशात घरोघरी पोचली. १९९१ मध्ये स्लोव्हेनिया वेगळा देश झाला आणि त्याच वर्षी या जागेतले उत्पादन थांबले.

याच काळात दुसरी एक गोष्ट घडली. ती समजल्याशिवाय रोगचा इतिहास कळत नाही. बोस्निया, सर्बिया, क्रोएशिया, कोसोव्हो इथून कामासाठी आलेले लोक स्लोव्हेनियात वर्षानुवर्षे राहत होते. त्यांत रोमा समाजाचेही अनेक होते. नवा देश झाल्यावर नागरिकत्वाच्या अर्जाला त्यांना सहा महिने दिले. ज्यांनी अर्ज केला नाही किंवा ज्यांचा नाकारला गेला, त्यांची नावे २६ फेब्रुवारी १९९२ रोजी कायम रहिवाशांच्या नोंदवहीतून काढून टाकण्यात आली. नोटीसही दिली नाही. अशी २५,६७१ माणसे होती, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या एक टक्क्याहून जास्त. एखादा कागद नूतनीकरण करायला कार्यालयात गेला की त्याला कळायचे, आपण या देशात नाहीच. कागद गेला की नोकरी, दवाखाना, पेन्शन एकामागून एक गेले. त्यांना नाव पडले 'पुसलेले'. तिथल्या घटना न्यायालयाने हे बेकायदा ठरवले. तरी २००४ मध्ये त्यांचे हक्क परत देण्याच्या कायद्यावर सार्वमत घेतले गेले आणि मतदान करणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी तो नाकारला. अल्पसंख्याकांचे हक्क बहुसंख्याकांच्या मर्जीवर सोडू नका, हे बाबासाहेब १९४७ च्या 'संस्थाने आणि अल्पसंख्याक' मध्ये इतके ठासून का मांडत होते, ते इथे दिसते. आसाममध्ये २०१९ साली नागरिक नोंदवहीबाहेर राहिलेल्या १९ लाखांनाही हे समजावून सांगावे लागणार नाही. २०१२ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने स्लोव्हेनियाला दोषी ठरवले, तोपर्यंत वीस वर्षे गेली होती.

आता रोगकडे. मार्च २००६ मध्ये वास्तुकलेचे विद्यार्थी, कलाकार आणि कार्यकर्ते त्या ओस पडलेल्या इमारतीत शिरले. मालकी महापालिकेची होती. नवा प्रकल्प येईपर्यंत तात्पुरता वापर, एवढेच त्यांचे म्हणणे होते. हळूहळू स्केटिंगची जागा, सर्कसवाल्यांचा हॉल, चित्रकारांच्या खोल्या झाल्या, मैफली होऊ लागल्या. निर्णय सभेत व्हायचे. पण माझ्या मते रोगचे खरे काम तिथल्या सामाजिक केंद्रात चालले. 'पुसलेले' तिथे भेटत. बांधकामावर राबणारे बोस्नियाचे मजूर, ज्यांचा परवाना एकाच मालकाला बांधलेला असायचा, त्यांनी कार्यकर्त्यांसोबत 'जगातले अदृश्य कामगार' या नावाने संघटन केले. पुढे युद्धातून पळून आलेले निर्वासित आले, त्यांच्या जागेला 'अंबासादा रोग' म्हणजे रोगचा दूतावास असे नाव होते. ज्यांना कुठलाच दूतावास विचारत नाही त्यांचा दूतावास! हे नाव मला कुठल्याही चित्रापेक्षा मोठी कलाकृती वाटते.

महापालिकेला मात्र तिथे डिझाइन आणि सर्जनशील उद्योगांचे केंद्र हवे होते. ६ जून २०१६ च्या पहाटे खासगी सुरक्षारक्षक आणि बुलडोझर आले. लोकांनी ते परतवून लावले, काही जखमी झाले. त्यानंतर खटले. महापालिकेने वापरकर्त्यांपैकी काहींवर व्यक्तिशः दावे लावले. शेवटी १९ जानेवारी २०२१ रोजी, कोरोनाच्या निर्बंधांत, पोलीस बंदोबस्तात सगळ्यांना बाहेर काढले आणि आवारातल्या इमारती पाडायला सुरुवात झाली. जुनी मुख्य इमारत तेवढी ठेवली, ती वारसा म्हणून. २०२३ मध्ये तिथे महापालिकेचे 'सेंटर रोग' सुरू झाले. नाव तेच ठेवले. बुर्द्यूच्या भाषेत, सांस्कृतिक भांडवल सरकारजमा झाले. निर्वासित त्यात बसत नव्हते.

मार्च २००६ मध्ये मुंबईत काय घडत होते? त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने गिरण्यांच्या जमिनीबाबतचा बदललेला नियम कायम केला. १९९१ च्या नियमात जमिनीचे तीन वाटे होते, त्यांपैकी दोन शहराला आणि घरांना. २००१ च्या बदलाने वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि मॉल उभे राहिले. त्या गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता, कारण धागा तोंडाने ओढावा लागे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. म्हणून 'गिरणगाव आपला सर्वांचा होता' असे कोणी हळवे होऊन म्हटले की मी विचारते, कुठल्या खात्यापर्यंत?

आपणही एका गिरणीत शिरलो होतो. ६ डिसेंबर २०११ ला दादरच्या इंदू मिलमध्ये आंबेडकरी कार्यकर्ते घुसले आणि स्मारकाची मागणी सरकारला टाळता आली नाही. २०१५ मध्ये भूमिपूजन झाले. फरक समजून घ्या : रोगवाल्यांनी वापर मागितला, मालकी कधी मागितली नाही, म्हणून पंधरा वर्षे वापर मिळाला आणि एका सकाळी गेला. आपण स्मारक मागितले आणि ते कागदावर पक्के करून घेतले. ही आपली समज जास्त पक्की आहे. पण स्मारक कोण चालवणार हे आपण मागितले नाही. काम एमएमआरडीएकडे आहे. आराखड्यात सभागृह आहे, ग्रंथालय आहे. त्या सभागृहात घाटकोपर-चेंबूरच्या शाहिरी पथकाला तालीम कोणत्या अटीवर करता येईल, भाडे किती, समितीवर कोण, हे प्रश्न माहितीच्या अधिकाराच्या अर्जात मावतात. अर्जाची फी दहा रुपये आहे.