प्रवरेकाठचे सल्लागार

१/६
नवउद्योगाला भांडवलाइतकीच जाणत्या सल्लागारांची गरज असते. आजची इन्क्युबेटर केंद्रे त्यासाठी सल्लागार मंडळ नेमतात. संगमनेरहून पुढे वाहणाऱ्या प्रवरेच्या परिसरात, लोणी येथे, हा प्रयोग इंटरनेटच्या कितीतरी आधी झाला होता.

२/६
१९२६ मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झाले. कालव्यांच्या पाण्यावर ऊस वाढला. पण गुळाचे भाव कोसळले की बागायतदार कर्जात बुडे. साखर कारखाने मात्र खासगी कंपन्यांच्या हाती होते.

३/६
डिसेंबर १९४५. बेलापूर रोड, म्हणजे आजचे श्रीरामपूर, येथे बागायतदारांची परिषद भरली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी तेथे सहकारी कारखान्याचा मार्ग दाखवला.

४/६
लोणीचे शेतकरी विठ्ठलराव विखे पाटील यांनी ती कल्पना उचलली आणि गावोगाव फिरून भागभांडवल जमवले. सहकाराचे जाणकार व मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता यांचे पाठबळ लाभले.

५/६
गाडगीळ केवळ सल्ला देऊन थांबले नाहीत. त्यांनी कारखान्याचे अध्यक्षपद स्वीकारले. विखे पाटील उपाध्यक्ष झाले. १९५०-५१ मध्ये पहिला गळीत हंगाम पार पडला.

६/६
पुढे संगमनेरातही भाऊसाहेब थोरात यांच्या नेतृत्वाखाली सहकारी साखर कारखाना उभा राहिला. प्रवरेचा धडा स्पष्ट आहे : तज्ज्ञाने जोखमीत वाटा उचलला, मालकी मात्र शेतकऱ्यांकडेच राहिली.