नेक्स्ट (विक्रीसाखळी)

टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी यांची व्हिडिओकॉन उद्योगसमूहाची दुकानसाखळी. चालक कंपनी नेक्स्ट रिटेल इंडिया. २००० नंतरच्या दशकात विस्तार, पुढील दशकात ऱ्हास.

पार्श्वभूमी : धूत कुटुंबाच्या या समूहाने तोशिबाच्या तांत्रिक सहकार्याने रंगीत टीव्ही बनवले. पैठण रस्त्यावरील चितेगावचा कारखाना (औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर) प्रसिद्ध. रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये सुरू झालेले असल्याने गिऱ्हाईक तयारच होते.

चित्रनलिका : संचातला सर्वांत महाग भाग. म्हणून समूहाने नळीची काच भरूचला स्वतःच बनवली, २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसनचा चित्रनलिका व्यवसाय घेतला. त्यात इटलीतील अनान्यी, पोलंड, मेक्सिको व चीनमधील कारखाने आले. त्याच वर्षी इलेक्ट्रोलक्सचा भारतीय व्यवसायही आला. काच, नळी, संच आणि शेवटी दुकान, अशी साखळी जुळली खरी. पण तोवर सपाट पडद्यांनी नळीला बाजूला सारायला सुरुवात केली होती. नेक्स्टचा विचार या संदर्भातच करावा लागतो. दुकानात इतरांचा मालही असे. मात्र घरचे ब्रँड (व्हिडिओकॉन, सानसुई, केनस्टार) हाच आधार. तोच माल मागे पडल्यावर दुकानाला टेकू उरला नाही.

प्लॅनेट एम : टाइम्स समूहाची १९९९ मधील संगीतदुकाने, पहिले मोठे दुकान मुंबईत, आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर. २००७ मध्ये नेक्स्टकडे. नंतर कॅसेट-सीडीऐवजी मोबाइल व गेम.

स्पर्धा : विजय सेल्स (माहीम, १९६७), क्रोमा (जुहू, २००६), नंतर ऑनलाइन विक्री.

सातारा व सांगली : या जिल्ह्यांत स्पर्धा पेठेतल्या दुकानदाराशीही होती. टीव्ही-फ्रिजची खरेदी दसरा, दिवाळी, पाडवा आणि ऊसबिलाशी बांधलेली. पेठेतला ओळखीचा दुकानदार हप्ते बांधून देई, अँटेना लावायला माणूसही पाठवी. ही सोय नेक्स्टसारख्या शोरूमला जमण्यासारखी नव्हती.

अखेर : समूहाची मुख्य कंपनी व्हिडिओकॉन इंडस्ट्रीज हिच्याविरुद्धची दिवाळखोरी याचिका मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने जून २०१८ मध्ये दाखल करून घेतली. सुमारे ६५,००० कोटी रुपयांच्या दाव्यांपोटी ट्विन स्टार या बोली लावणाऱ्या कंपनीची २,९६२ कोटींची योजना २०२१ मध्ये मंजूर झाली. अपिलीय न्यायाधिकरणाने ती जानेवारी २०२२ मध्ये रद्द केली.